नेहमीच्या राहण्याचे ठिकाण

संचालक महोदय यांस,

मी आपल्या महानगर गणना कार्यालयात दुबार नोंद विभागाचा प्रमुख आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, सेवा एकोणतीस वर्षे. यंदाच्या गणनेत माझ्या हातून नियम अकराचा भंग झाला आहे. तो अद्याप कोणाच्या लक्षात आलेला नाही. तो आपल्या निदर्शनास आणणे, एवढाच या निवेदनाचा हेतू आहे.

केवळ माझ्या सांगण्यावर विसंबावे लागू नये म्हणून संबंधित पत्रे तारखेनुसार जोडली आहेत. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवतो. इतरांची पत्रे जोडण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतलेली नाही, हा वेगळा दोष धरावा. एका वस्तीचे नाव मी शाईने झाकले आहे. आपणही त्याच शपथेने बांधलेले आहात, हे मला ठाऊक आहे. तरीही झाकले आहे.

४ मार्च

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणनेत तू भरलेल्या अर्जातील ‘गैरहजर व्यक्ती’ या रकान्याची चिठ्ठी नियमाप्रमाणे माझ्या टेबलावर आली. ठकूचे नाव घरातून वगळून तू ‘विद्यापीठ, मुलींचे वसतिगृह क्रमांक तीन’ असे लिहिले आहेस. ते योग्यच आहे. माणूस वर्षातील बहुतेक दिवस जिथे राहतो तिथेच तो मोजायचा, हे मी तुला जानेवारीत बजावले होते. बहुतेक आईबाप ऐकत नाहीत. आमच्या शहराची लोकसंख्या दोन लाख एक्क्याण्णव हजार सहाशे चाळीस, आणि त्यांपैकी त्र्याण्णव हजार अठरा ते पंचवीस वयाचे. आलेख काढला तर शहर पोट सुटलेल्या माणसासारखे दिसते. खाली मुले थोडी, वर म्हातारे थोडे, मधेच विशीपाशी फुगवटा. त्या फुगवट्यातल्या जवळजवळ निम्म्यांची नावे कुठल्यातरी दूरच्या गावी आईने पुन्हा लिहिलेली असतात. ‘गादी इथेच आहे, म्हणून लिहिले’ असा शेरा मी स्वतः वाचला आहे. ती दुसरी नावे शोधून खोडणे हे माझे काम.

ठकूच्या बाबतीत मात्र उलटे झाले आहे. वसतिगृहाच्या यादीत तीनशे चार मुली आहेत, त्यांत ती नाही. तुझ्याकडेही ती लिहिलेली नाही. कागदावर पाहता ती कुठेच राहत नाही. हा आमच्या यादीचा दोष असावा, असे गृहीत धरून विचारतो : तिने वसतिगृह बदलले का?

एकाच शहरात राहून चौदा महिन्यांत आमची भेट झालेली नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. अभ्यास आहे म्हणणाऱ्याला त्रास देऊ नये, असे माझे धोरण होते.

वहिनींस सा. न.
तुझा भाऊ

९ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मोठ्यांदा वाचलं. गिऱ्हाईकं पोट धरून हसली. ‘कागदावर पाहता ती कुठेच राहत नाही’ म्हणे! अरे शहाण्या, मग दर महिन्याला पत्रं काय भूत लिहितं? पाकिटावर शिक्का विद्यापीठाच्या टपालाचा, अक्षर तिचं, आणि साबण संपल्याची कुरकूर अगदी तिच्या आईच्या वळणाची. परवाच्या पत्रात लिहिलंय, काचेची नळी तापवताना बोटाला फोड आला. रसायनशास्त्र शिकायचं म्हणजे एवढं होणारच.

लहानपणी एका चटईवर आपण दोघं झोपायचो तेव्हा मधे फूटपट्टीनं रेघ मारायचास, आणि माझा पाय पलीकडे गेला की आईला उठवायचास. तोच तू. मी जन्मभर गळ्यात टेप घालून माणसं मोजली, पण अर्धा इंच सैल ठेवून. तू तेवढंही सोडत नाहीस. यादीला भोक पडलंय तुझ्या. ठिगळ लाव आणि गप बस.

तुझी वहिनी रागावलीय. म्हणते, मी लेकीचं नाव लिहिलं होतं, भाऊजींचं ऐकून ह्यांनी ते खोडलं.

आणि चौदा महिने भेटला नाहीस? एवढं कसलं रे धोरण? उद्याच्या उद्या जा आणि तिला पोटभर खाऊ घाल.

दादा

१६ मार्च

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दुकानात वाचू नये. घरी, बसून वाचावे.

शनिवारी दुपारी मी टेकडी चढून वसतिगृहावर गेलो. कार्यालयाचा माणूस म्हणून नव्हे, काका म्हणून. गृहप्रमुख बाई म्हणाल्या, “ती होय? जुलैतच गेली ती. खोलीची किल्ली पुसून परत दिली. असं कोणी देत नाही, म्हणून ध्यानात राहिली.” तिथून रसायनशास्त्र विभागात गेलो. दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले आणि ऑगस्टमध्ये तिचे नाव पटावरून कमी झाले. तुमची पत्रे वसतिगृहाच्या फळीवर ठेवली जातात आणि कोणीतरी मुलगी ती उचलून नेते, ठकूची उत्तरेही बहुधा तीच टपालात टाकते. कोण, हे मुली सांगत नाहीत.

दादा, ज्या अर्थी ती लिहिते आहे, त्या अर्थी ती सुखरूप आहे, असे मानण्यास जागा आहे.

परतताना मी टेकडीवर थोडा वेळ उभा होतो. उत्तर उतारावर वसतिगृहे, दक्षिणेला जुना बाजार, पूर्वेला नदी आणि तिच्याकाठचे कारखाने, आणि या सगळ्याला वेढा घातलेला वळणरस्ता. वळणरस्त्याच्या आतल्या कोणत्याही चौकात मला उभे करा, भोवती किती माणसे राहतात ते मी शंभराच्या फरकाने सांगेन. आतली सारी यादी दुबार तपासणीसाठी मला पाहावीच लागते. तीत ठकू नाही. जी नोंदच नाही तिच्याविषयी सांगणे नियमात बसते की नाही, याबद्दल माझ्या मनात गोंधळ आहे. तरी सांगितले.

तुझा भाऊ

२० मार्च

फूटपट्टी,

मशीन बंद आहे. कापड मापानं कापतो आणि बाही उलटी जोडतो. तिची आई ताटावर बसते आणि उठते.

मला काहीच कळत नाही. पत्रं आहेत माझ्याकडे, आठ. प्रत्येकात ‘तुमची लाडकी’. ऑगस्टमधलं काढून पाहिलं. लिहिलंय, इथे पाऊस फार, कपडे वाळत नाहीत. नाव पटावरून गेलं त्याच महिन्यात हिला कपड्यांची चिंता! मग खोटं कुठलं धरू आणि खरं कुठलं?

तिला काय मारलं असतं मी? दोन विषय राहिले तर राहिले. मी स्वतः सातवीत दोनदा बसलोय, तुला ठाऊक आहे.

तू तीन लाख माणसं मोजलीस ना? त्यातलं आमचं एक सापडत नाही? बाकीच्यांचं मला काय करायचंय? शोध. एप्रिल लागला की मी येतो.

दादा

महोदय, येथे खुलासा आवश्यक आहे. २७ मार्च रोजी वळणरस्त्याबाहेरील अकरा वस्त्यांचे गठ्ठे माझ्याकडे आले. त्यांपैकी कोणत्या वस्त्या महानगरात धराव्यात हे ठरवायचे होते. वस्तीतील काम करणाऱ्यांपैकी एक चतुर्थांश लोक रोज वळणरस्त्याच्या आत कामाला येत असतील तर वस्ती आत, नसतील तर बाहेर. सातव्या वस्तीच्या चौपन्नाव्या अर्जावर माझा हात थांबला. एक कुटुंब, एक व्यक्ती, कुटुंबप्रमुख ती स्वतः. नेहमीच्या राहण्याचे ठिकाण : येथेच. आकडे रकान्याच्या बरोबर मधोमध. ती सवय तिला मीच लावली होती.

मी नियम अकरा काढून वाचला. ‘अर्जातील मजकूर अन्य कोणासही, नातलगासही, कळवू नये, अथवा खाजगी कामी वापरू नये.’ चार वेळा वाचला. चारही वेळा अर्थ तोच निघाला. दोन दिवसांनी मी पुढील पत्र लिहिले. ते चांगले पत्र नाही.

२९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

शोध थांबवावा, अशी विनंती आहे. येण्याचे रद्द करावे. पोलिसांत जाऊ नये. कारण लिहिता येत नाही, आणि का लिहिता येत नाही तेही लिहिता येत नाही. काळजी करू नये.

तुझा भाऊ

२ एप्रिल

‘शोध थांबवावा’ म्हणजे काय रे? नदीत गळ टाकणारे लोक असं म्हणतात, हाती लागल्यावर. ‘काळजी करू नये’ काय! हे पत्र वाचून तुझी वहिनी भिंतीला धरून खाली बसली.

हो की नाही, एवढंच लिही. ती आहे का? तुरुंगात असली तरी चालेल. कोणाबरोबर गेली असली तरी चालेल. कोणीही असो तो, मी त्याच्या मापाचा कोट शिवीन. काहीही चालेल, असं मी लिहून देतो, खाली सही करतो. पण ‘लिहिता येत नाही’ हे चालणार नाही. पन्नास वर्षांत तुला लिहिता आलं नाही असं काही मी पाहिलेलं नाही.

दादा

भाऊजी, हे बाहेर गेलेत तेवढ्यात लिहिते. मला तिचा पत्ता नको. का गेली तेही नको. ती दोन वेळा जेवते का, एवढंच सांगा. तुम्हाला माहीत आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. माहीत नसतं तर तुम्ही पानभर लिहिलं असतंत.

वहिनी

महोदय, अर्जात एखादी त्रुटी असेल तर खुलासा मागवणारे छापील कार्ड संबंधित व्यक्तीस पाठवण्याची मुभा मला आहे. म्हणून ३ एप्रिल रोजी मी तो अर्ज भिंगाखाली पाहिला. एखादा रिकामा रकाना, वयात विसंगती, सहीवर डाग. काही नव्हते. यंदा माझ्या हातून गेलेल्या सर्व अर्जांत इतका निर्दोष अर्ज दुसरा नसेल. अभिमान आणि चीड एकाच वेळी वाटणे शक्य असते, हे मला त्या दिवशी कळले. कायदेशीर मार्ग उरला नव्हता. पुढील पत्र हा पहिला भंग.

५ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता मला तुझ्या अर्जावरून कळला. तो वापरण्याचा मला अधिकार नाही, तरीही मी तो वापरतो आहे, आणि हे मी माझ्या वरिष्ठांना लेखी कळवणार आहे. दादाला किंवा वहिनींना मी काहीही सांगितलेले नाही. तुझ्या परवानगीवाचून सांगणार नाही. परवानगी दिलीस तरी सांगता येईल का, याचा मी अजून विचार करतो आहे.

दादाचे काम बंद आहे. वहिनी जेवत नाहीत. तू नदीत सापडलीस आणि मी ते लपवतो आहे, असे त्यांना वाटते. हा समज माझ्या एका पत्रामुळे झाला. तू त्यांना खरे काय ते एक पत्र लिहावेस, एवढीच विनंती.

चौदा महिने मी आलो नाही. त्याबद्दल काय लिहावे हे न कळल्यामुळे लिहीत नाही.

काका

११ एप्रिल

काका,
नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या भट्टीवालीनं आणून दिलं. “तुझ्या नावाचं सरकारी आलंय गं,” म्हणाली. पाकीट साधंच होतं, अक्षर तेवढं सरकारी.

आता विचारलं नाहीत तरी सांगते. मी काच फुंकते. म्हणजे शिकते आहे. टेकडीवरच्या झाडून सगळ्या प्रयोगशाळांची काच █████ मधून जाते. चंबू, नळ्या, पिळाच्या नळ्या, सगळं. चार भट्ट्या आहेत, आणि वस्तीतली निम्मी माणसं त्यांवर जगतात. दुसऱ्या वर्षी माझ्या हातून सतरा चंबू फुटले. ते जोडायला मलाच इथे पाठवायचे, शिक्षा म्हणून. भट्टीवाली म्हणायची, “आली गं फोडकी!” अठराव्या वेळी तिनं नळी माझ्या हातात दिली, म्हणाली, फुंक बघू. काका, तापलेली काच मधासारखी होते आणि आपल्या श्वासानं फुगते. त्या दिवशी मी संध्याकाळच्या तासाला गेलेच नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. नापास झाले म्हणून इथे आले असं समजू नका. इथे येत होते म्हणून नापास झाले.

बाबांच्या दुकानाची पाटी पाहिलीत? त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात, ‘मुलगी विद्यापीठात’. कोणता शिंपी असं लिहितो? त्यांच्या रागाला मी भीत नाही. ते रागावणारच नाहीत. ते येतील, माझे भाजलेले हात बघतील, “चल घरी” म्हणतील, आणि मी जाईन. खरंच जाईन हो, हीच भीती आहे. अजून मला सरळ नळीसुद्धा नीट ओढता येत नाही. दाखवायला हातात काही नाही. एक तरी चंबू माझा माझा, न गळणारा, होऊ दे. मग मी स्वतः लिहीन.

आणि एक सांगू? राग आलाय मला तुमचा. पहिल्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतंत, गणनेचा अर्ज चोरसुद्धा खरा भरतो, कारण तो कोणी वाचत नाही, नुसता मोजतो. मोजणीवाली बाई दारात आली तेव्हा मला ते आठवलं. आठ महिन्यांत मी खरं लिहिलेला तो एकच कागद. लिहून किती हलकं वाटलं मला! आणि वाचला कोणी? तर तुम्ही.

सांगू नका त्यांना. आईलाही नाही. तुम्ही शब्दाचे पक्के आहात म्हणून एवढं तरी मागते.

ठकू

१९ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हा दुसरा भंग. तुझ्यावर दडपण आणण्यासाठी लिहीत नाही. मग कशासाठी लिहितो, ते मला नीट सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी तुझे बाबा न कळवता कार्यालयात आले. मी म्हणालो, “बैस.”

“बसायला आलो नाही. ती आहे का?”

“दादा, मी या कार्यालयात शपथ घेतली आहे की—”

“शपथ राहू दे. तोंडानं बोलू नकोस. मान हलव. मान हलवायला कुठला नियम आडवा येतो?”

“मान हलवणे म्हणजेही सांगणेच.”

त्यांनी टेबलावर कोपर टेकले. आमच्या दोघांच्या मधे टेबल होते आणि टेबलावर सातव्या वस्तीचा गठ्ठा, त्यांच्या कोपरापासून एक वीतभर अंतरावर. “तू माझा भाऊ आहेस की रबरी शिक्का?” त्यांनी विचारले. हाताखालचे दोघे कारकून उठून बाहेर गेले.

मग त्यांनी खिशातून तुझा फोटो काढला, शाळेतला, दोन वेण्यांचा. म्हणाले, “मी शोधतो. शिक्षणाचं गाव आहे, कोणीतरी ओळखेल. कुठून सुरुवात करू? हे तरी सांगशील की हेही नियमात बसत नाही?”

मी त्यांची पिशवी उचलून दिली. ते उत्तर उताराकडे निघाले, वसतिगृहांच्या बाजूला. त्या उतारावर एकतीस गल्ल्या आहेत आणि एकोणीस हजार मुलेमुली. दोन दिवस त्यांनी एकेका दारात तो फोटो दाखवला. ती बाजूच चुकीची होती आणि ते मला ठाऊक होते. मी त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली भरून ठेवली.

बुधवारी ते परत गेले. स्टेशनवर माझ्याशी बोलले नाहीत. गाडी सुटताना खिडकीतून एवढेच म्हणाले, “चप्पल सांधून घे, उजवीकडे उसवलीये.”

मी तुझा शब्द राखला. तो राखून मी कोणाचे भले केले, हे मला कळत नाही.

काका

या पत्राला उत्तर आले नाही. महिनाअखेरीस नेहमीच्या टपालात पुढील कागद आला. तो कार्यालयाच्या नावे होता, माझ्या नव्हे.

२६ एप्रिल

गणना कार्यालयास,

आमच्या अर्जात दुरुस्ती करायची आहे. नमुना पोस्टातून आणला आणि भरून सोबत पाठवला आहे. आमच्या घरात माणसं तीन आहेत, दोन नाहीत. तिसरी व्यक्ती गैरहजर असं मालकांनी लिहिलं होतं, ते चुकलं. तिचं नाव तिसऱ्या ओळीवर परत लिहावं. ती सध्या इथे झोपत नाही हे मला कळतं. पण तुमच्या एका साहेबांनी कळवलं की कागदावर ती कुठेच नाही. कुठेच नाही असं मी माझ्या हातानं ठेवणार नाही. नियमात बसत नसेल तर तुम्ही खोडा, मी खोडणार नाही.

तिची आई

३ मे
(छापील सूचना, नमुना चार)

आपल्या अर्जातील व्यक्ती क्रमांक ३ हिची गणना अन्यत्र, तिच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी झालेली आहे. सबब आपल्या अर्जातील तिची नोंद दुबार ठरवून रद्द करण्यात येत आहे.

विभागप्रमुख, दुबार नोंद

१० मे

फूटपट्टी,

तुझ्या हापिसाचं कार्ड पोचलं. आधी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सख्खा भाऊ, आणि घरातलं उरलेलं नावसुद्धा खोडायला निघालाय! कार्ड फाडणार होतो. तुझ्या वहिनीनं हातातून ओढून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मशीनवर कुणाचीशी विजार होती, त्यात तोंड खुपसून रडली ती रडलीच. मला वाटलं, झालं, हिलाही काहीतरी झालं. तर डोळे पुसून म्हणते कशी, “अहो, मेलेल्या माणसाला नेहमीचं राहण्याचं ठिकाण नसतं.”

मी म्हटलं, छापील आहे ते, सगळ्यांना तेच पाठवतात.

तर म्हणते, “सगळ्यांच्या मुली कुठेतरी राहतातच ना? आपलीही राहते.”

संध्याकाळी ती जेवली. दोनदा भात घेतला.

खरं सांगतो, मला अजून नीट समजलेलं नाही. तुला ठाऊक होतं, मग तोंडानं का नाही बोललास? आणि बोलायचं नव्हतं, तर कार्ड का पाठवलंस? हे तुझ्या नियमात बसतं आणि मान हलवलेली बसत नाही, हा कसला नियम रे? मी तीन वेळा विचार केला आणि सोडून दिलं. रबरी शिक्का म्हणालो ते परत घेत नाही. पण शिक्क्यालाही हात असतो, एवढं कबूल.

कुठे आहे ते मी विचारणार नाही. वसतिगृहाच्या फळीवर तिच्यासाठी एक पत्र टाकलंय. त्यात लिहिलंय, शिक्षणाचं मी काही विचारत नाही, काय करतेस ते सांगावंसं वाटलं तर सांग. आणि दुकानाची पाटी उतरवलीय. रंग गेला होता तिचा, नवी करायचीच होती. मुलीचं काय लिहायचं ते ठरलं नाही, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडलीय.

दादा

महोदय, पत्रव्यवहार येथे संपतो. ठकूने घरी पत्र लिहिले की नाही, हे मला माहीत नाही, आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. सातव्या वस्तीला महानगरात धरावे की नाही, हा निर्णय कृपया दुसऱ्याकडे द्यावा. त्या वस्तीकडे मी आता केवळ एक संख्या म्हणून पाहू शकत नाही.

५ आणि १९ एप्रिलच्या पत्रांबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. ३ मेच्या सूचनेबद्दल मात्र मला आपले मार्गदर्शन हवे आहे. नोंद खरोखर दुबार होती. नियमाने ती खोडली आणि नियमाने सूचना गेली. या टेबलावर दुसरा कोणी असता तरी त्याने तेच केले असते. यंदा अशा एकेचाळीस हजार सूचना माझ्या सहीने निघाल्या आणि त्या सर्व कार्यालयाच्या टपालवाल्याने नेल्या. ही एक मी खिशात घातली, मोठ्या टपाल कार्यालयापर्यंत चालत गेलो, आणि टपालाची गाडी सुटेपर्यंत तिथे उभा राहिलो.

म्हणून ती सूचना कार्यालयाने पाठवली की काकाने, हे मला ठरवता येत नाही. आपण ठरवावे.

आपला विश्वासू,
विभागप्रमुख, दुबार नोंद
गणना कार्यालय, दुसरा मजला
१४ मे